कोऱ्या जागेवरचे अंगठे

१४ मे. नळाला सहा दिवसांनी पाणी आलं म्हणून सकाळपासून पिंपं भरत होते. शहराच्या या बाजूला, जिथं परवापर्यंत ज्वारी होती आणि आता आमची सोसायटी आहे, तिथं पाणी कधी येईल हे कुणी सांगत नाही, आणि आलं की दुसरं काही करता येत नाही. तिसऱ्या पिंपात पाइप सोडला तेवढ्यात फोन वाजला. गिरणीवाल्या आपांचा होता. मी ज्या गावात तीन वर्षं ग्रामसेविका होते, तिथं त्यांची पिठाची गिरणी आहे; आपा म्हणजे मोठी बहीण.

“मॅडम, सरपंचबाई गुजर गये. परसों. कल गायरान की तारीख है. उनो बोलके रखे थे, मॅडम को एकच बार फोन करना, फिर नक्को करना.”

मी काही बोलायच्या आत फोन बंद झाला. पाइप चौथ्या पिंपात टाकला आणि पायरीवर बसले.

सुनावणीची ही तारीख कसली ते आधीच सांगते. गावाचं नाव लिहीत नाही. वाळूजच्या पलीकडं, मुख्य रस्त्यापासून आत, एवढं पुरे. गावाच्या कडेला भीमनगर, दलित वस्ती. तिच्या मागं गायरान, म्हणजे पंचायतीच्या ताब्यातली सरकारी जमीन. त्यातले तुकडे भीमनगरची अकरा घरं कित्येक वर्षं पेरून खातात, आणि त्यांची विहीरही तिथंच आहे. गायरानाच्या पलीकडं उपसरपंच आप्पांची चाळीस एकर. शहर वाढत तिथवर पोचलं तेव्हा आप्पांनी प्लॉट पाडायचं ठरवलं. प्लॉटला रस्ता लागतो, आणि रस्ता जाणार तो गायरानातून, पेरलेल्या तुकड्यांवरून आणि विहिरीला बुजवून. पंचायतीच्या रजिस्टरात चार ओळींचा ठराव आहे की या रस्त्याला आमची हरकत नाही. खाली सरपंचबाईंची सही आहे. असा ठराव सभेपुढं कधी आलाच नाही, हे सरपंचबाई आठ वर्षं सांगत होत्या. आता सांगणारी गेली. रजिस्टर राहिलं. त्यातलं अक्षर माझं आहे.

सरपंचबाई कुणावरच विश्वास ठेवत नसत. आप्पांवर नाही, तहसीलवर नाही, टँकरवाल्यावर नाही, माझ्यावर तर मुळीच नाही. कार्यालयात चहा आला तर समोरच्यानं पहिला घोट घेईपर्यंत त्या कपाला हात लावत नसत. भिंतीकडं पाठ करून, दाराकडं तोंड करून बसत. बुटक्या, काळ्यासावळ्या, कपाळावर गोंदण, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडं न बघता त्याच्या हातांकडं बघायची सवय. “तोंड शिकवलेलं अस्तं, मॅडम,” त्या म्हणत. “हाताला कोन शिकवतंय?”

ग्रामसेवकाला गावात भाऊसाहेब म्हणतात. मी बाई निघाले म्हणून पहिले सहा महिने लोक मला ‘भाऊसाहेब मॅडम’ म्हणायचे. आमच्या खात्यात तेव्हा एक रीत होती, अजूनही अनेक ठिकाणी आहे. सभा झाली की सदस्यांनी कोऱ्या पानाखाली सह्या करायच्या, चहा घ्यायचा आणि घरी जायचं. वरचं इतिवृत्त ग्रामसेवकानं सवडीनं लिहायचं. मी नोकरीला लागल्यापासून तसंच करत आले होते आणि त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. पहिल्या सभेत सगळ्यांच्या सह्या झाल्यावर मी रजिस्टर सरपंचबाईंपुढं सरकवलं.

“वर काय लिव्हलंय?” त्यांनी विचारलं.

“अजून काही नाही. मग लिहीन.”

“मंग सही बी मंगच करते.”

आप्पा हसले. “भामा, असंच अस्तं गं. सगळ्या गावांत असंच चालतं.”

“सगळ्या गावांत मी सरपंच नाय, आप्पा. ह्याच गावात हाय.”

मी तिथंच बसून लिहिलं. दीड तास गेला. सदस्य जांभया देत बसले, कारण त्या कुणाला उठू देईनात. लिहून झाल्यावर त्यांनी स्वतःची सही केली, एकेक अक्षर थांबून थांबून, पण स्वच्छ. दुसरीपर्यंत शाळा झाली होती त्यांची. मग माझ्या टेबलावरचा शाईचा पॅड ओढला आणि शेवटची ओळ आणि सह्या यांच्या मधल्या कोऱ्या जागेत अंगठा उमटवला. त्याला लागून दुसरा, तिसरा. जागा भरेपर्यंत. जांभळ्या पायांची कोंबडी पानावरून चालत गेल्यासारखं ते पान दिसायला लागलं.

“हे काय?” मी विचारलं.

“कुलूप.”

“पण तुम्हाला सही येते.”

“सही माझी हाय. अंगठा सासऱ्याचा.”

पुढं कधीतरी त्यांनी ते सांगितलं. सासऱ्यांचा अंगठा कुणी तरी कोऱ्या कागदावर घेतला होता. त्यावर नंतर काय लिहिलं गेलं ते नांगर हाकायला गेल्यावर दुसराच माणूस शेतात उभा दिसला तेव्हा कळलं. “म्हातारा मरेस्तोवर अंगठ्याकडं बघत बसायचा,” त्या म्हणाल्या. “मी म्हनलं, आता ह्यालाच राखनीला बसवायचा.” हे सांगताना त्या रडल्याबिडल्या नाहीत. पदरानं अंगठ्याची शाई पुसत होत्या.

पुढं तपासणीला आलेल्या साहेबांनी ती पानं पाहिली आणि विचारलं, “हे किती लोकांचे अंगठे?” मी सांगितलं, एकाच बाईचे. त्यांनी हरकत लिहायला पेन काढलं, पण ती कोणत्या नियमाखाली लिहायची ते त्यांना सापडेना. पेन परत खिशात गेलं.

मला मात्र त्यांचा संशय होता, आणि तो उगाच नव्हता. सरपंचपद अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव झालं तेव्हा आप्पांनी भीमनगरात फिरून ‘गरीब स्वभावाची’ बाई शोधली होती. बारा वर्षं त्यांच्या शेतात कापूस वेचणारी आणि मान वर न करणारी भामाबाई त्यांना सापडली. अर्ज त्यांनी भरला, पॅनल त्यांचं, गुलालही त्यांचा. नवरा वाळूजच्या एका कंपनीत ठेकेदाराकडं होता; शिफ्टची बस आणि झोप यांच्या मधे त्याला जेमतेम जेवायला वेळ मिळे. मला त्यानं एकदाच विचारलं, “मॅडम, सरपंचाला पेन्शन बसतं का?” नाही म्हटल्यावर त्याचा राजकारणातला रस संपला. म्हणजे घरून दोऱ्या ओढणारं कुणी नव्हतं. मग ही बाई आप्पांना सभेत उलट बोलते, हे आधी त्यांच्या ओट्यावर ठरवून आलेलं नाटक असणार, असं मी धरून चालले होते. त्या माझ्यावर नजर ठेवून, मी त्यांच्यावर. कार्यालयाचं काम त्यामुळं चोख व्हायचं, हेही खरं.

कोणताही कागद त्या जागेवर सही करून देत नसत. “घरच्यास्नी दाखवते,” म्हणून नेत आणि दुसऱ्या दिवशी सही करून आणत. कागदाच्या घडीत पीठ असायचं. तहसीलच्या बाबूनं एकदा माझ्यासमोर कागद झटकला आणि म्हणाला, “मॅडम, तुमच्याकडं शाई वाळवायला ज्वारीचं पीठ वापरतात का?” मला लाज वाटली, आणि मी शोध घेतला. एका संध्याकाळी गिरणीवर गेले. भामाबाई डबा घेऊन रांगेत उभ्या, आणि आपा गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून माझं पत्र वाचताहेत. आपा मराठी सातवी शिकलेल्या. रांगेतल्या सगळ्या बायका ऐकताहेत. दुपारी मी वाचलेलं आणि संध्याकाळी आपांनी वाचलेलं जुळलं की सही.

मी तिथंच विचारलं, “माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?”

“हाय की. म्हनून तर नुस्तं दुबार वाचून घेते. आप्पाचा कागद तिबार.”

रांग हसली. आपांनी पट्टा सोडून गिरणी थांबवली आणि म्हणाल्या, “मॅडम, नाराज नक्को होव. मेरे आटे का वजन बी उनो घर जाके फिर करते.”

सलग दुसरं वर्ष दुष्काळाचं होतं. गावाला टँकर सुरू होता. टँकरच्या रोजच्या खेपा चालकाच्या वहीत लिहायच्या आणि सरपंचानं त्यावर सही करायची, अशी पद्धत. भामाबाई प्रत्येक खेपेला पदराच्या टोकाला एक गाठ मारत. एका संध्याकाळी चालकानं तीन खेपांची नोंद पुढं केली. त्यांनी पदर दाखवला. “गाठी दोन हाईत.”

“बाई, तिसरीला तुम्हाला डोळा लागला आसन.”

“मला लागला आसन. पदराला नाय लागला.”

त्यानं नोंद खोडली. त्याच्या तोंडावरून त्याला राग आलाय की हसू, ते कळत नव्हतं. पुढं तो गावात शिरला की आधी पदराकडं बघायचा.

त्या उन्हाळ्यात गावातल्या बाकी विहिरी आटल्या आणि भीमनगरच्या विहिरीला पाणी राहिलं. ही विहीर भामाबाईंनीच रोजगार हमीतून खोदून घेतली होती. मस्टरवर हजर असलेली प्रत्येक बाई खरोखर खड्ड्यात उतरलीय का, हे त्या काठावरून मोजत. टँकर पुरेना तेव्हा वरच्या आळीच्या बायका भीमनगरच्या विहिरीवर यायला लागल्या. भर दुपारी यायच्या, ज्या वेळी रस्त्यावर कुणी नसतं, डोक्यावरून पदर पार खाली ओढून. मी म्हटलं, आता ही बाई यांना परत पाठवणार. पाठवलं नाही. पण त्या स्वतः विहिरीवर उभ्या राहायच्या आणि घागर भरणाऱ्या प्रत्येकीला विचारायच्या, “नाव?”

“आता नाव कशाला, भामा? तू वळखतीस की मला.”

“वळखते. पन तुमच्या तोंडून ऐकू द्या. चार जनींच्या म्होरं. पाऊस पडल्यावर म्हनाल, आमी कुठं पिलं तुमच्या हिरीचं पानी.”

आप्पांच्या घरची सून आली तेव्हा तिनं नाव सांगितलं, मोठ्यानं, आणि वर म्हणाली, “लिहून बी घ्या, सरपंच.” भामाबाईंनी तिची घागर स्वतः उचलून तिच्या कमरेवर दिली. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, “ही पोरगी बरी हाय. पन लक्ष ठिवायला पायजे.”

त्यांनी मला तपासलं ते भाकरीवर. एका दुपारी कार्यालयात फडकं सोडून त्यांनी ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा माझ्यापुढं ठेवला आणि माझ्या हातांकडं बघत बसल्या. आमच्या घरात माझ्या सासूबाई हयात होत्या आणि त्यांच्या डोक्यात काय होतं ते मला माहीत होतं. मी खाल्ली. चांगली होती, ठेच्यात लसूण जास्त होता. मला वाटलं, आता तरी बाई सैल पडेल. त्या फडकं झटकत म्हणाल्या, “उंद्या बी आनते. एकदा खानारे लई पाह्यलेत.” त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं, मी गावात असेन त्या प्रत्येक दिवशी आम्ही एकत्र जेवलो.

शहरात एकदा महिला सरपंचांचं प्रशिक्षण होतं, क्रांती चौकाजवळच्या एका सभागृहात. मी त्यांना एसटीनं घेऊन गेले. प्रशिक्षण देणाऱ्या बाई दिवसभर ‘न घाबरता बोला’ असं घाबरवणाऱ्या आवाजात सांगत होत्या. शेवटी शाल आणि श्रीफळ. भामाबाईंनी नारळ घेतला, शाल परत दिली. “कशाबद्दल?” त्यांनी विचारलं. “आमी आजून काय बी केलं नाय.” बाहेर पडताना हजेरीचा कागद आला. त्यावर वीस नावं होती आणि खाली बऱ्याच रिकाम्या ओळी. टेबलावर पॅड होता. मला अंदाज आला आणि मी पुढं झाले, पण तोवर तीन ओळी भरून झाल्या होत्या. आयोजक ओरडले, “ओ बाई, काय करताय?” “तुमचंच काम करतेय,” त्या म्हणाल्या. “आलेल्या बाया वीसच हाईत. आता एकवीस व्हनार नाय.” चौकात येईपर्यंत मी रागावलेली होते. सिग्नलला उभ्या असताना त्या म्हणाल्या, “मॅडम, मला लिव्हलेल्याची भीती नाय. न लिव्हलेल्याची हाय.” मग हिरवा दिवा लागला तरी, गाड्या खरोखर थांबल्यात की नाही हे दोनदा बघून मगच त्यांनी रस्ता ओलांडला.

आता माझ्याकडं येते.

आप्पांनी रस्त्याचा विषय मासिक सभेत दोनदा मांडला. भामाबाईंनी दोन्ही वेळा एकच विचारलं, “त्या रस्त्यानं आमच्यातलं कोन जानार?”

“शहर येतंय, भामा. थांबवून थांबनार हाय का ते?”

“येऊ द्या की. पन आमच्याच अंगावरनं कामून? तुमच्या उसातनं या म्हनावं.”

सदस्य आप्पांचे होते, पण आप्पांना ठराव बहुमतानं नको होता. गायरानाच्या कामाला पुढं वरची परवानगी लागते, आणि दलित सरपंचाची सही असलेला एकमतानं झालेला ठराव तिथं पटकन चालतो. म्हणून ते थांबले होते.

तिसऱ्या सभेला रस्त्याचा विषयच नव्हता. पाणी, नाल्या, शाळेचं छप्पर, एवढंच. मी लिहून संपवलं, सह्या झाल्या, भामाबाईंचीही झाली. शेवटची ओळ आणि सह्या यांच्यात चार बोटं जागा होती. त्यांनी पॅड हातात घेतला, आणि तेवढ्यात बाहेर टँकरचा भोंगा वाजला. दोन दिवसांनी आलेला टँकर. लगेच बायकांची आरडाओरड, मग कुणाची तरी किंकाळी. एका बाईचा पाय चाकाजवळ अडकला होता. भामाबाई पॅड टाकून पळाल्या. त्या बाईला दवाखान्यात घेऊन गेल्या आणि परत आल्या त्या दुसऱ्या दिवशी.

कार्यालयात आप्पा आणि मी राहिलो.

“मॅडम,” आप्पा म्हणाले, “तुमची लेकरं दहावी-बारावीला हाईत ना? रोज दोन तास जाणं, दोन तास येणं. शहराला लागून एक जागा खाली होतीय. पंचायत समितीत आपलं ऐकतात.” त्यांनी रजिस्टरातल्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. “चार ओळी तर हाईत. आन् भामा शेवटाला व्हय म्हननारच हाय. ती कुणाची, हे तुमाला म्हाइत हाय.”

मी लिहिल्या.

मला दमदाटी झाली नाही, कुणी हात धरला नाही. त्याच पेनानं, त्याच अक्षरात, चार ओळी. मी स्वतःला सांगितलं की बाई आप्पांचीच आहे, सभेतला विरोध भाव वाढवण्यासाठी आहे, आज ना उद्या ती सही करणारच. दोन वर्षं एका फडक्यावर जेवूनही हा संशय मी जपून ठेवला होता. त्या दिवशी तो कामाला आला.

पुढच्या सोमवारी मी गावात गेले तेव्हा त्या आल्या. टेकल्या नाहीत. “मॅडम, त्या दिसचं पान राह्यलं. काढा.”

मी काढलं. त्या टेबलाच्या पलीकडं उभ्या राहिल्या आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. “वाचा.”

मी वाचायला लागले. पाणी, नाल्या, छप्पर. त्यांचं बोट माझ्या आवाजाबरोबर एकेक ओळ खाली सरकत होतं. त्यांना वाचायला फार वेळ लागे, पण ओळीची लांबी आणि आवाजाची लांबी त्यांनी गिरणीवर उभं राहून पाठ केली होती, हे मला माहीत नव्हतं. छपरापाशी मी थांबले आणि म्हणाले, “झालं. खाली सह्या.”

बोट थांबलं. त्याच्या खाली अजून चार ओळी होत्या.

“तुमचं झालं,” त्या म्हणाल्या. “कागदाचं नाय झालं.”

“नजरचूक झाली.”

“मंग दुबार वाचा.”

मी सगळं पहिल्यापासून वाचलं, त्या चार ओळींसकट. त्या ऐकत होत्या आणि या वेळी हातांकडं नाही, माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मला वाटत होतं त्यांनी ओरडावं.

“दोन वर्सं तपासलं तुमाला,” त्या म्हणाल्या. “तपासून पास केलं व्हतं. त्या दिशी टँकरवाल्याचा भोंगा आयकला तवा मनात आलं, पॅड र्‍हाऊ दे, मॅडम हाईत.” त्यांनी रजिस्टर मिटून माझ्याकडं सरकवलं. “चूक माझी हाय. तपासायचं थांबायचं नस्तं.”

“जयभीम, मॅडम,” म्हणून त्या गेल्या. त्या दिवशी फडकं सोडलं नाही, आणि पुन्हा कधीच नाही.

पुढचं थोडक्यात. जूनमध्ये माझी बदली झाली, शहराला लागून. आप्पांनी अविश्वास ठराव आणला आणि भामाबाईंचं पद गेलं. मोजणीवाले गायरानात आले तेव्हा त्या आणि भीमनगरच्या बायका पेरलेल्या तुकड्यांत उभ्या राहिल्या, आदेश मागून घेतला, आपांकडून तिथंच वाचून घेतला आणि त्यात विहिरीचा उल्लेखच नाही हे दाखवून मोजणी थांबवली. मग जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज केला. स्थगिती मिळाली. मुरूम टाकलेला रस्ता गायरानाच्या कडेपर्यंत येऊन थांबलाय, तो अजून तिथंच आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॉटच्या कमानी आणि इंग्रजी नावं लागली आहेत. तारखांवर तारखा पडल्या. सामनेवाल्यांचं म्हणणं एकच: सही बाईंची आहे की नाही? आहे. मग?

त्यांच्या अर्जाची नक्कल मी एका ओळखीच्या कारकुनाकडून मिळवून वाचली होती. एकदा नाही, अनेकदा. ‘सदर ठराव सभेत झालेला नाही,’ एवढंच आहे. तो कुणी लिहिला, हे कुठंही नाही. माझं नाव एका जागी घातलं असतं तर माझी चौकशी लागली असती आणि त्यांचं काम सोपं झालं असतं. का घातलं नाही, हे मला आठ वर्षांत कळलेलं नाही. दया म्हणावी तर त्यांच्या स्वभावात ती इतक्या स्वस्तात मिळत नव्हती. भाकरीची आठवण असेल? मला संशय आहे. मला वाटतं, नाव घेतलं असतं तर मी सरळ नाकारलं असतं, आणि मग ते नाकारणं कागदावर कायमचं राहिलं असतं, हे त्यांनी ओळखलं होतं. आणि आजचा फोन? मेल्यावर करायचा, तारखेच्या आदल्या दिवशी करायचा आणि एकदाच करायचा, हे त्यांनीच बसून ठरवलं असणार. आपांना एवढा हिशेबीपणा जमत नाही.

दुपारी मुलगी आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती बँकेत आहे, व्यवहारी आहे. “आई, तुझी नऊ वर्षं नोकरी राहिली आहे,” ती म्हणाली. “त्या बाई तर गेल्या आता. कुणासाठी?” मी तिला सांगितलं, अकरा घरं आहेत आणि एक विहीर आहे. ती म्हणाली, “तेव्हाही होती.”

१५ मे. सकाळी सहाला उठून स्वयंपाक केला, रजेचा अर्ज टाकला आणि साडेदहाला जिल्हाधिकारी कार्यालयात पोचले. व्हरांड्यात भीमनगरच्या बायका बसल्या होत्या, शेवटाला आपा. मला बघून एक बाई दुसरीला म्हणाली, “आल्या बघ. आप्पाच्या साइडनं.” आपांनी मान दुसरीकडं वळवली. समोरच्या बाकावर आप्पा होते, थकलेले, केस पिकलेले. ते खुशीनं उठले. “या मॅडम, या. बरं झालं आलात. बसा.” मी त्यांच्यासमोरून आत गेले.

कारकून तरुण होता. मान वर न करता त्यानं विचारलं, “अर्जदाराकडून की सामनेवाल्यांकडून?”

“मी तेव्हाची ग्रामसेविका. तो ठराव सभेत झाला नव्हता. सह्या झाल्यावर मी तो लिहिला. माझा जबाब घ्या.”

त्यानं मान वर केली. दाराकडं बघितलं, मग आवाज खाली आणून म्हणाला, “मॅडम, तुम्ही नोकरीत आहात ना अजून? जरा विचार करून सांगा.”

“आठ वर्षं केला,” मी म्हणाले. “लिहा.”